मागच्या गच्चीतला दिवा

मागच्या गच्चीतला दिवा कधी विझवायचा नाही, आणि का विझवायचा नाही हे कधी विचारायचं नाही.

त्या घरात नियम पुष्कळ होते, पण बाकीच्या नियमांना पळवाटा होत्या. उशिरा उठलं तर डोकं दुखतंय म्हणता यायचं, जेवण टाकलं तर पोट बिघडलंय म्हणता यायचं. या नियमाला पळवाट नव्हती, कारण त्या दिव्याला बटणच नव्हतं. मोठ्या काकांनी ते फार वर्षांपूर्वी भिंतीतून उपटून काढलं होतं आणि भोकात सिमेंट भरलं होतं. कठड्याला टेकून उभ्या केलेल्या लोखंडी खांबावर तो पिवळा बल्ब चोवीस तास जळायचा. दिवसा उन्हात कळायचा नाही, इतकंच. वीज गेली की काका कंदील पेटवून गच्चीत जाऊन बसत आणि वीज येईपर्यंत हलत नसत. मागे दगडाची जुनी, बंद पडलेली खाण होती, पाण्याने भरलेली. काका बसायचे ते नेहमी तिच्याकडे पाठ करून.

दर तीन महिन्यांनी, चालू बल्ब जायच्या आत, नवा बल्ब आणून बसवला जायचा. तो आणायचं काम ठिणगीकडे होतं.

ठिणगी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. वय बावीस, पदार्थविज्ञानाची पदवी नुकतीच हातात आलेली, आणि नोकरी मिळेपर्यंत बाबांच्या फोटो स्टुडिओत लोकांना 'हनुवटी जरा खाली' सांगत बसलेली. ठिणगी हे नाव काकांनी ठेवलं होतं, ती पाच वर्षांची असताना, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. स्टुडिओत दर्शनी भिंतीवर एक जुना काळा-पांढरा फोटो होता. डावीकडे तरुण काका, उजवीकडे पोरसवदा बाबा, दोघांच्या मध्ये हातभर मोकळी जागा. पाच वर्षांच्या ठिणगीने त्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "काका, तुमच्या खांद्यावर कोणाचा हात आहे?"

कारण हात होता. नीट पाहिलं तर दिसायचा. काकांच्या कोटाच्या डाव्या खांद्यावर चार बोटं, पाठीमागून आलेली. बाबांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तिला एक थप्पड मिळाली आणि हे नाव मिळालं.

त्या रविवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी बल्ब आणायला गेली. विजेच्या सामानाच्या दुकानदाराने तिला पाहताच न विचारता खोका काढला.

"तुमच्या घरात एवढं अंधाराला भितं कोण?" त्याने सुटे पैसे मोजता मोजता विचारलं.

"अंधाराला कोणीच भीत नाही," ठिणगी म्हणाली. "काकांना भितात."

तो हसला. ती हसली नाही, कारण तिचं लक्ष दुकानाच्या छपरावरून दिसणाऱ्या आकाशाकडे होतं. आकाश स्वच्छ होतं. आणि तिच्याकडे चारच पहाटा उरल्या होत्या.

आता हे चार पहाटांचं सांगितलं पाहिजे. ठिणगीला आकाशाचे फोटो काढायचं वेड होतं. वेड हा आईचा शब्द. बाबांच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा, एक लंगडणारा ट्रायपॉड आणि भाड्याने आणलेली एक लेन्स, एवढ्यावर तिने तेजोमेघ टिपले होते, तारकागुच्छ टिपले होते, सगळे पुढच्या गच्चीतून. पण त्या महिन्यात आलेला धूमकेतू उत्तरेला होता, अगदी क्षितिजालगत, पहाटे. तो आणखी चारच पहाटा दिसणार होता, तोही फक्त मागच्या गच्चीतून, नेमका खाणीच्या वर. आणि तिथे तो बल्ब.

रात्री जेवताना तिने विषय काढला.

"दोन तास," ती म्हणाली. "साडेतीन ते साडेपाच. मीच विझवीन, मीच लावीन."

काकांनी पेला उचलला, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. "दिवा विझणार नाही."

"का?"

आईने टेबलाखालून तिचा पाय दाबला. बाबा ताटात बघत राहिले.

"शेंडेनक्षत्र आहे ते," काका म्हणाले. "लोक तोंड फिरवतात, आणि आमच्याकडे त्याचे फोटो काढणार."

"लोक तोंड फिरवत होते तेव्हा लोकांना पृथ्वीही सपाट वाटत होती. काका, हा गेला की पुन्हा येणार नाही. माझ्या नातवंडांनाही दिसणार नाही."

"आधी लग्न तर कर, मग नातवंडांचं बघू," बाबांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. तो कोणी हाती घेतला नाही.

"तुम्हा सगळ्यांना वाटतं, उजेड असला की दिसतं," ठिणगी म्हणाली. "उलट आहे. त्या दिव्याखाली उभं राहून बाहेर बघा. कठडा दिसतो, आणि त्याच्यापलीकडे नुसती काळी भिंत. बाहेर कोणी उभं असलं तरी कळणार नाही. त्याला मात्र आपण लख्ख दिसतो. दिवा लावून आपण फक्त..."

"पुरे."

काकांचा आवाज चढला नव्हता. उतरला होता, अगदी तळाला गेला होता. त्यांनी घास तसाच ठेवला आणि उठून गेले. साठ वर्षांच्या त्या माणसाला तिने अन्न टाकून उठताना पहिल्यांदाच पाहिलं.

"बोलायची काही पद्धत?" आई कुजबुजली.

"मी फक्त प्रकाशाबद्दल बोलत होते," ठिणगी म्हणाली. आणि ते खरं होतं.

दुसऱ्या पहाटे साडेतीनला ती मागच्या गच्चीत होती. दिवा विझवायचा नाही असं सांगितलं होतं. झाकायचा नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा तिने बल्बवर उपडा घातला आणि त्याभोवती स्टुडिओतल्या जुन्या पेटी-कॅमेऱ्याचं जाड काळं कापड गुंडाळलं.

अंधार झाला. इतका की आपलाच हात परका वाटावा. त्या गच्चीने कित्येक वर्षांत असा अंधार पाहिला नव्हता. तिने चाचपडत ट्रायपॉड उभा केला, उत्तरेकडे कॅमेरा रोखला, तीस सेकंदांचा एक फोटो, मग एक सेकंद विश्रांती, मग पुढचा, असे साठ फोटो आपोआप निघतील अशी सोय केली आणि कठड्याशी बसली. शटर खट् करून उघडायचं. तीस सेकंद शांतता. खट्, बंद. पुन्हा खट्.

डोळ्यांना अंधाराची सवय मिनिटामिनिटाने होत जाते. आधी चांदण्या दिसतात, मग डोंगराची कड, मग पाणी. ठिणगीला धूमकेतू दिसला, फुंकर मारलेल्या पावडरीसारखा, आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. मग खाणीचं पाणी दिसलं. मग खाणीची पलीकडची कड दिसली आणि त्या कडेवर काहीतरी फिकट, उभं.

दगड असेल, ती मनाशी म्हणाली. दिवसा तिथे दगड होता का, ते आठवेना.

वारा नव्हता. साचलेल्या पाण्याचा वास येत होता, तो नेहमीचाच. पण त्यात आता आणखी एक वास मिसळला होता, भिजलेल्या चामड्याचा. आणि आवाज.

टक्.

मग काही नाही. मग पुन्हा, टक्.

कोणी चालताना दोन पावलं वाजतात. इथे एकच वाजत होतं. एक पाऊल टाचेचं, दुसरं बिनआवाजाचं. एका पायात सँडल असावी आणि दुसरा पाय उघडा असावा तसं. ते खाणीच्या कडेकडेने येत होतं, घाईने नाही. मधेच थांबायचं. बराच वेळ थांबायचं. आणि शटर खट् वाजलं की पुन्हा टक्.

"कोण आहे?" ठिणगीने विचारलं. तिला वाटलं होतं आपण ओरडतोय. प्रत्यक्षात ओठच हलले.

मागच्या अंगणातून गच्चीवर एक लोखंडी जिना यायचा. आवाज त्या जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबला.

दुसरं कोणी असतं तर सगळं टाकून घरात पळालं असतं. ठिणगीही पळणार होती. पण साठ फोटो झाले होते, आणि काळे फोटो राहिले होते. हे काळे फोटो म्हणजे असं, की शेवटी लेन्सवर झाकण लावून तितक्याच वेळाचे दहा फोटो काढायचे. त्यात काहीच येत नाही, यायला नको. कॅमेरा तापल्याने जे खोटे ठिपके उमटतात तेवढे त्यात सापडतात आणि खऱ्या फोटोंतून वजा करता येतात. ते न काढता उठणं म्हणजे पहाट वाया. तिने झाकण लावलं आणि दहा फोटो पूर्ण होईपर्यंत बसून राहिली, दात घट्ट आवळून. मग डबा ओढून काढला. पिवळा उजेड भसकन पसरला. कठडा दिसला, आणि त्यापलीकडे काळी भिंत.

दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. तिने संगणकावर साठही फोटो एकावर एक रचले. या रचण्यात एक हिशेब असतो. सगळ्या फोटोंत जे आहे ते खरं मानायचं, एखाद्याच फोटोत जे आहे ते कचरा समजून फेकायचं. विमान, काजवा, जे काही एका जागी टिकत नाही ते संगणक स्वतःच पुसून टाकतो. शेवटी हाती आलं ते चित्र सुंदर होतं. खाणीच्या वर धूमकेतू, शेपटीसकट, आणि खाली निर्मनुष्य खाण.

एखाद्या फोटोत विमान आलंय का, म्हणून तिने सुटे फोटो चाळायला घेतले. आणि तिचा हात थांबला.

पहिल्या फोटोत ती फिकट आकृती खाणीच्या पलीकडच्या कडेला होती. दहाव्यात वळणावर. पंचविसाव्यात अलीकडे. चाळिसाव्यात अंगणाच्या कुंपणाशी. साठाव्या फोटोत चौकटीच्या अगदी तळाशी, लोखंडी जिन्याजवळ, फक्त डोकं आणि खांदा. प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी, म्हणून संगणकाने तिला साठ वेळा पुसलं होतं.

पण ठिणगीच्या अंगावर काटा आला तो त्याने नव्हे. तीस सेकंद शटर उघडं असताना चालणारं माणूस फोटोत धड उमटत नाही, धुरासारखा पट्टा येतो. ही आकृती कोरल्यासारखी स्वच्छ होती. खांद्याला अडकवलेली पिशवी दिसत होती, पुढे घेतलेली वेणी दिसत होती. म्हणजे प्रत्येक वेळी ती तीस सेकंद जराही न हलता उभी होती, आणि शटर बंद असलेल्या एका सेकंदात पुढे येत होती.

फोटो काढताना कसं उभं राहायचं, हे तिला माहीत होतं. फोटोवाल्यांच्या घरातलीच असल्यासारखं.

काळे फोटो तिने शेवटी पाहिले. दहाही काळेभोर. तसेच असायला हवेत.

"बाबा, जरा इकडे या."

बाबा चष्मा पुसत आले. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवरचे व्रण, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी काढून टाकली होती, आणि गावात त्यांच्या हाताला नाव होतं. पडद्याकडे बघताच त्यांचा हात सवयीने माउसकडे गेला. "डाग आहे. काढून टाकू."

ठिणगीने चित्र मोठं केलं.

बाबांचा हात तिथेच राहिला. "ताई," ते म्हणाले. मग घाईने, "काही नाही. लेन्सवर बुरशीची जाळी असेल. पाण्यावरची वाफ."

"वाफेला वेणी असते?"

ते खाली बसले. ठिणगीने जाऊन दाराला आतून कडी लावली.

"बाबा, मला आत्या होती?"

बाबा बोलले ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत, तुकड्यातुकड्याने. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेवीस वर्षांची. नोकरी कोणाला न विचारता धरलेली, आणि रात्रपाळीही असायची. दादांना ते सहन होत नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं होतं, दहानंतर दार बंद आणि मागचा दिवा बंद. एका रात्री वादळात तारा तुटल्या आणि तिला थांबवून घेतलं. ती मध्यरात्रीनंतर आली, खाणीच्या कडेच्या वाटेने, कारण ती जवळची. वाटेवर उजेड असायचा तो फक्त आपल्या गच्चीतल्या दिव्याचा.

"आणि तो काकांनी विझवला होता."

"ती हाक मारत होती. 'दादा, दिवा लावा'... असं. मला ऐकू येत होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, मी उठलोसुद्धा. दादा दारात उभे होते. म्हणाले, 'येऊ दे चाचपडत, उद्यापासून लवकर येईल.'" बाबांनी चष्मा काढला. "नंतर हाक आली नाही. सकाळी कडेवर एक सँडल मिळाली. एकच."

"मग?"

"दादांनी लोकांना सांगितलं, कोणाबरोबर तरी पळून गेली. खाणीत कोणी शोधलंच नाही. पळून गेलेल्या पोरीला कोण शोधतं... तिसऱ्या रात्री दादांनी दिवा विझवला, तेव्हा ती कडेवर उभी दिसली. तेव्हापासून दिवा."

"दिव्याने ती येत नाही?"

"ती येते की नाही मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "दिव्याने ती दिसत नाही."

ठिणगी भिंतीपाशी गेली. "हिला यातून तुम्हीच काढलंत."

"दादा म्हणाले, काढ. निगेटिव्ह खरवडून काढली, केसाकेसाने. पाच दिवस लागले."

"आणि हात राहिला. तुमच्यासारख्याकडून."

"राहिला नाही," बाबा हळूच म्हणाले. "ठेवला. दादांना सांगितलं की काढायला गेलो तर कोट बिघडेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हे बाहेर बोलू नकोस. दादा खचतील."

"बत्तीस वर्षं त्या बाईला पळपुटी म्हणवून घेतलंत, आणि खचायची भीती त्यांची?" ठिणगी म्हणाली. बाबांनी चष्मा पुसायला घेतला. तो आधीच पुसून झाला होता.

त्या रात्री ती झोपली नाही. भीती होतीच, खोटं कशाला सांगा. पण तिच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. आत्या जिन्यापर्यंत आली होती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाट मोकळी मिळाली म्हणून घराच्या जिन्यापर्यंत आली होती, आणि नेमका तेव्हाच ठिणगीने डबा काढून तिच्या तोंडावर उजेड फेकला होता. पुन्हा एकदा घरातल्याच माणसाने.

साडेचारला ती गच्चीत गेली. या वेळी डबा नाही, कापड नाही. फडक्यात धरून तिने बल्बच फिरवून काढला आणि खिशात टाकला. कॅमेरा तिथेच, तसाच उत्तरेकडे. खट्. तीस सेकंद. खट्.

आवाज लवकर आला. टक्... टक्... या वेळी तो थांबत थांबत आला नाही. ठिणगी कठड्याला पाठ लावून बसली. चामड्याचा वास नाकात भरला. साठ फोटो संपले तेव्हा आवाज अंगणात होता. तिने सवयीने लेन्सवर झाकण लावलं, काळे फोटो सुरू केले आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

तेवढ्यात घरातून दार उघडलं. आदल्या पहाटे काकांना जाग आली नव्हती, पण आज खोलीच्या पडद्यावर पिवळा उजेड नव्हता, आणि त्या अंधारानेच त्यांना जागं केलं होतं. मागून बाबा आले, आई आली. काका चाचपडत, कॅमेऱ्याच्या पुढून, खांबापाशी गेले. रिकाम्या होल्डरला त्यांचा हात लागला.

"बल्ब कुठे आहे?"

"माझ्या खिशात."

"लाव."

"आधी सांगा, ती पळून गेली नव्हती."

काका बाबांकडे वळले. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण बाबा एक पाऊल मागे सरकल्याचं कळलं.

"तुला काही कळत नाही," काका म्हणाले. "घराच्या भल्यासाठी..."

टक्.

लोखंडावर. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. एक पाय वाजणारा, एक न वाजणारा, म्हणजे आवाज सात. काकांनी तो हिशेब केव्हाच केलेला असावा, कारण त्यांच्या तोंडून शब्द आला, "एक."

"अगं, लाव ना दिवा," आई रडवेली झाली. "काय मिळणार आहे तुला यातून?"

टक्.

"ती 'दिवा लावा' म्हणत होती तेव्हा तुम्ही विझवलात," ठिणगी म्हणाली. "आता तिला दिव्याची गरज नाही. ती अंधारातच चालायला शिकली. दिवा लागतो तो तुम्हाला. ती दिसू नये म्हणून."

टक्... टक्...

"पोरी, पाया पडतो तुझ्या..." काका म्हणाले. हा माणूस जन्मात कोणापुढे वाकला नव्हता.

"तिनेही हात जोडले असतील. सांगा, काय झालं त्या रात्री. एवढंच."

टक्.

"हाक मारली होती तिने," काका म्हणाले. "तीनदा. मला... ऐकू आली होती. तिन्ही वेळा."

सहावा आवाज झाला. मग सातवा.

जिन्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं. पूर्वेला जरासं फटफटत होतं, तेवढ्या उजेडात रिकामा जिना सगळ्यांना दिसला. तेवढ्यात कॅमेऱ्याचं शटर खट् करून बंद झालं आणि काढलेला फोटो नेहमीप्रमाणे मागच्या छोट्या पडद्यावर उजळला.

ठिणगीने वाकून पाहिलं. मग कॅमेरा ट्रायपॉडवर फिरवला आणि पडदा त्यांच्याकडे केला. फोटोत काका होते, खांबाला धरून उभे, बाजूला बाबा, दोघांच्या मध्ये हातभर जागा. ती जागा फोटोतही मोकळीच होती. आणि काकांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती.

"काका," तिने विचारलं, सतरा वर्षांपूर्वी विचारलं होतं त्याच शब्दांत, "तुमच्या खांद्यावर कोणाचा हात आहे?"

काकांनी खांद्याकडे पाहिलं नाही. मान ताठ धरून ते पडद्याकडेच बघत राहिले. "पुसून टाक तो," ते म्हणाले. मग बाबांना, "तू... तूच पुस."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"पुसणार नाही," ठिणगी म्हणाली. "मोठा करून भिंतीवर लावणार आहे. जुन्याच्या शेजारी. कोणी विचारलं, हात कोणाचा, तर सांगणार आहे. आणि हा दिवा आता लागणार नाही."

ती थांबली. कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. एरवी या घरात तिच्या प्रत्येक वाक्यावर तीन उत्तरं यायची. आईने तोंडावर हात धरला होता, तो तिने काढला नाही.

खिशातला बल्ब तिने कठड्यावर ठेवला. सामान आवरायचं म्हणून कॅमेरा बंद केला आणि लेन्सवर झाकण लावायला हात पुढे नेला.

झाकण लावलेलंच होतं.